संक्रांतीला दारी येणाऱ्या मुलांसाठी विकतचा तिळगूळ

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या गल्लीत संक्रांतीच्या दिवशी दिवेलागणीपासून मुलांची रीघ लागते. हातात स्टीलचा छोटा डबा असतो आणि फाटकातूनच ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असा गजर सुरू होतो. शेजारच्या कन्नड घरांतील मुले ‘एळ्ळु-बेल्ल तगोंडु, एळ्ळु-बेल्लदंग इरोण’ (तीळगूळ घेऊन तीळगुळासारखे राहू या) म्हणत येतात आणि त्यांच्या डब्यातून तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे व डाळे आपल्या ओंजळीत पडतात. अशा मुलांच्या हातावर ठेवायचा जिन्नस चांगलाच हवा, म्हणून आजवर मी तो घरीच करत आले. यंदा गुडघेदुखीमुळे ते जमले नाही, तेव्हा गणपत गल्लीतील एका दुकानातून पाऊण किलो काटेरी हलवा, अर्धा किलो तिळाच्या वड्या आणि अर्धा किलो लाडू आणले.

हलवा उत्तम निघाला. मंद आचेवरच्या परातीत तीळ घेऊन त्यांवर चमच्याचमच्याने पाक सोडायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचे, हे काम थंडीत आणि धीरानेच होते. घाई केली की दाण्याला काटा फुटत नाही. या हलव्याच्या प्रत्येक दाण्याला काटा होता आणि पुडीच्या तळाशी चुरा जेमतेम चमचाभर निघाला. मात्र त्यातल्या गुलाबी दाण्यांचा रंग कच्चा होता. एका चिमुरडीने मूठ घट्ट मिटून धरली होती, ती उघडली तेव्हा तळहातावर गुलाबी ठिपके उमटले होते. मुलांना वाटायचा असेल तर पांढराच हलवा मागून घ्यावा.

वड्यांनी निराशा केली. पाक पुढे गेलेला असल्याने त्या दगडासारख्या झाल्या होत्या. तिसरीतल्या एका मुलाने वडी दाढेखाली धरून पाहिली आणि काही न बोलता डब्यात ठेवून दिली, ते पाहून मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या वड्या परत नेल्या, तेव्हा दुकानदारांनी हुज्जत न घालता तितक्याच वजनाचे लाडू दिले, हे मात्र आवर्जून सांगायला हवे.

लाडू साध्या मऊ गुळाचे, बोटांनी सहज फुटणारे होते आणि त्यांत दाण्याचे कूट होते, अख्खे दाणे नव्हते. चार वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण अख्खा शेंगदाणा किंवा कडक तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. म्हणून कडेवरच्या बाळांच्या आयांना मी हलवा न देता लाडूच दिला.

भोगीच्या दिवशी या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि घाईत चव पाहून घेता येत नाही. दोनतीन दिवस आधी सकाळी गेल्यास दुकानदार स्वतःहून दाणा हातावर ठेवतात. वड्या घ्यायच्याच असतील तर त्या वेळी एक मोडून पाहावी.