जस्ताच्या पत्र्याचे जाळपिंप: काटक्यांसाठी उत्तम, पण धुराड्याला जाळी लावूनच वापरा

अंगणातला सुका कचरा जाळायला मिळणारे हे पिंप साधारण ९० लिटरचे असते. खाली तीन पाय, बुडाला आणि त्याच्या जरा वर भोके, झाकणावर आखूड धुराडे. सुक्या काटक्यांना हे खरोखर छान काम देते. खालून हवा शिरते, धुराडे ती वर ओढते, त्यामुळे उघड्या ढिगापेक्षा आच जास्त आणि धूर कमी.

घेण्याआधी एक चौकशी मात्र कराच. अनेक ठिकाणी घरी कचरा जाळायला सरसकट बंदी असते, काही ठिकाणी परवाना लागतो. पिंप बाजारात मिळते म्हणजे जाळायला मुभा आहे, असे नाही.

याची मोठी उणीव म्हणजे धुराड्याचे तोंड उघडे असते. पान जळताना हलके होते आणि पेटलेलेच वर उडते. ओढ जितकी चांगली, तितके ते लांब जाते. ६ मिलिमीटरपर्यंत भोकांची स्टीलची जाळी तारेने घट्ट बसवा. त्याहून फार बारीक घेऊ नका, ती काजळीने बुजते, ओढ मरते आणि धूर खालच्या भोकांतून फुटतो. दर वेळी पेटवण्याआधी जाळी झटकावी.

पिंप मोकळ्या मातीवर ठेवा, भोवती ३ मीटर गवत-पाचोळा नको, वर फांदी किंवा तार नको. घर आणि कुंपण निदान १० मीटर लांब असावे. पाण्याचा पाइप हाताशी हवा, आणि वारा सुटला असेल तर त्या दिवशी जाळूच नका.

पहिल्या काही वेळा वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. पत्र्यावर मुलामा दिलेले जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणखी तापले की त्याचा धूर होतो. तो छातीत गेला तर थंडी-ताप येतो.

काठोकाठ भरणे ही नेहमीची चूक. हवा कोंडते, आतला धूर साठतो आणि झाकण उचलताच भडका उडतो. एक तृतीयांश भरून पेटवा, मग मूठमूठ घाला. चामडी हातमोजे घालून झाकणाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे ज्वाळा तोंडावर येत नाही. पेट्रोल अजिबात नको. प्लॅस्टिक, रबर, रंगवलेले किंवा औषध मारलेले लाकूड, कण्हेर यांचा धूर विषारी असतो. बांबूची पेरे फुटतात, म्हणून तो आधी चिरून घ्या. ओला पाला कंपोस्टला द्या.

तापलेल्या पिंपात एकदम पाणी ओतले तर वाफेसोबत गरम राख अंगावर येते. लांबून थोडे थोडे शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा शिंपडा. राखेत निखारे काही दिवसही धुमसत राहतात, म्हणून ती धातूच्या झाकणाच्या डब्यातच काढा.

ओली राख जस्त खाते आणि तळ सर्वात आधी गंजतो, तेव्हा रिकामे पिंप पालथे ठेवा. बुडाची भोके एकमेकांत मिसळून निखारे खाली पडू लागले की पिंप भंगारात द्या.