गूगलमध्ये चिन्हं लावून शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

नुसते शब्द टाकून शोधणं मी पावसाळ्यापासून जवळपास बंद केलंय. अवतरणचिन्हं, वजाचं चिन्ह, 'साइट', 'फाइलटाइप' हे सगळं आता रोजच्या वापरात आहे. फुकटच आहे, पण सगळंच सारखं कामाचं नाही.

सर्वांत भरवशाचं 'साइट'. इंग्रजीत साइट, लगेच कोलन आणि जागा न सोडता 'जीओव्ही डॉट इन', म्हणजे फक्त सरकारी संकेतस्थळांवरच शोध होतो. नुसता सातबारा शोधला की एजंटांची आणि 'असा काढा उतारा' छापाची पानं अंगावर येतात. हे लावलं की ती गर्दी हटते आणि महाभूलेख हे जमिनीच्या नोंदींचं सरकारी संकेतस्थळ हाती लागतं. तिथे विनास्वाक्षरी उतारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. मग मध्यस्थ कशाला?

अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द जसेच्या तसे शोधले जातात. या चिन्हांचा मोठा गवगवा आहे, पण मराठीत ती जपूनच वापरावीत. 'पीक विमा' अवतरणात टाकलं की 'पिक विमा', 'पीकविमा', 'पीक विम्याची' असं लिहिलेली पानं गळू शकतात. आणि ऱ्हस्वदीर्घाचा आपल्याकडे सरकारी कागदांतही नेम नसतो! त्यात 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच, यंत्राला वेगळा.

जिल्ह्यांच्या नावांचं आणखी निराळं. औरंगाबाद आणि उस्मानाबाद 2023 मध्ये बदलली, अहमदनगर 2024 मध्ये. जुन्या बातम्या, जुने आदेश जुन्याच नावाने पडून आहेत. अशा वेळी दोन्ही नावं लिहून मध्ये कॅपिटल अक्षरांत 'ओआर' घालायचं. नगरकडचं कर्जत हवं असेल तर रायगडच्या आधी वजा लावायचा, म्हणजे फार्महाउसवाले बरेचसे कटतात.

'फाइलटाइप' लावून पीडीएफ शोधणं इंग्रजीत झकास. जुने शासन निर्णय मात्र बिगर-युनिकोड फाँटमध्ये किंवा स्कॅन केलेले असले तर मराठी शब्दांनी सहसा सापडत नाहीत. निर्णयाचा संकेतांक माहीत असेल तर सरळ शासनाच्या संकेतस्थळावर जावं.

शिवाय गूगल ही चिन्हं कधीही काढून घेतं. अधिकचं चिन्ह 2011 मध्ये गेलं, पानाची साठवलेली प्रत 2024 मध्ये. त्याच वर्षी आलेला 'वेब' हा पर्याय मात्र मला फार आवडला: एआयचं उत्तर नाही, व्हिडिओ नाहीत, नुसते दुवे.

मोबाइलवर सगळाच वैताग. मराठी कळफलकावरून इंग्रजीवर जा, कोलन शोधा, परत या. बोलून शोधणाऱ्यांना तर याचा काहीच उपयोग नाही. त्यामुळे घरात हे दुसरं कोणी वापरत नाही. उतारा लागला की मलाच फोन येतो.