‘काढ’ म्हटलं आणि शाळेचं नेटवर्कच गेलं

बेळगावात टिळकवाडीत माझं नेटवर्किंगचं दुकान आहे. उद्यमबागेतल्या दोन फाउंड्र्या, निपाणीची एक पतसंस्था आणि खानापूर तालुक्यातल्या काही शाळा ही गिऱ्हाइकं. सगळ्यांचे राऊटर-स्विच एकाच क्लाऊड डॅशबोर्डवर आहेत. पावसाळ्यात वायफायचा पासवर्ड बदलायला जांबोटीच्या रस्त्यानं कोण जाणार, म्हणून त्या डॅशबोर्डला एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच करणारा प्रोग्रॅम, जोडला. एजंटाच्या हातात कामं देणारा जो टूलचा संच घेतला, त्यातल्या फक्त एकाच टूलबद्दल लिहितोय: नेटवर्क डिलीट करणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझी पत्रापत्री अजून चालू आहे.

झालं असं. दुकानातला पोरगा एजंटाशी मराठीतच बोलतो, आणि एजंटाला ते बऱ्यापैकी कळतं. एका शाळेची तक्रार आली तेव्हा त्यानं टाइप केलं, “त्या शाळेचं नेटवर्क काढ, बघूया.” आपण फाईल काढ म्हणतो तसं, म्हणजे उघडून दाखव. एजंटानं विचारलं, “काढू?” खाली टूलचं नाव आणि लांबलचक आयडी. पोरानं ‘हो’ दाबलं.

“दादा, शाळाच दिसंना की!”

दहा मिनिटांत हेडमास्तरांचा फोन. “अवो, हजेरीचं मशीन बंद पडलंय न्हवं.”

पोराला बोललो, खरं चूक त्याची एकट्याची नव्हती. रात्री टूलचं वर्णन उघडून बघितलं तर सगळी मिळून एक ओळ: नेटवर्क डिलीट करतं, आयडी द्या. संपलं. या डॅशबोर्डात ‘नेटवर्क’ म्हणजे एक व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला कप्पा) किंवा एक वायफाय नव्हे, अख्खी साईट. वायफायची नावं, व्हीलॅन, फायरवॉलचे नियम, प्रिंटरला बांधून दिलेले आयपी पत्ते, सगळं त्या एका डब्यात. डबा उडाला की डिव्हाइस तेवढी इन्व्हेंटरीत परत येतात, सेटिंग येत नाहीत. हे माणसांच्या मॅन्युअलमध्ये सविस्तर लिहिलंय. खरं एजंट मॅन्युअल वाचायला जातोय कुठं? त्याच्यापुढं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर एवढंच येतं. त्याच्यासाठी तेच मॅन्युअल.

दुसरी गंमत लॉगमध्ये सापडली. डिलीट झाल्यावर सर्व्हरनं 204 पाठवलं, म्हणजे काम झालं, सांगायला काही नाही. रिकामं उत्तर बघून एजंटानं तेच परत चालवलं. या वेळी 404, म्हणजे असं काही सापडलं नाही. आता डिलीट पुन्हा मारलं तरी परिणाम तोच राहतो, गेलेलं गेलेलंच असतं. 404 आलं याचा अर्थ आधीच निघालंय. वर्णनात हे कुठंच नाही, म्हणून एजंट समजला की आयडी चुकला, आणि सारख्या नावाचं दुसरं नेटवर्क शोधायला लागला! पोरानं तिथं थांबवलं म्हणून शेजारच्या गावची शाळा वाचली.

हे सगळं कंपनीला लिहून पाठवलं. पुढच्या आवृत्तीत वर्णन बदललं, त्याचे मार्क देतो. आता ‘नेटवर्क म्हणजे पूर्ण साईट’ हे पहिल्याच वाक्यात आहे. परत आणता येत नाही, 404 आलं तर थांबा, फक्त वायफाय बंद करायचं असेल तर दुसरं टूल वापरा, हेही आहे. आयडीबरोबर साईटचं नावसुद्धा द्यावं लागतं. जुळलं नाही तर टूल नकार देतं. दुकानातल्या जुन्या स्विचवर खोटी साईट करून दोन दिवस मुद्दाम चुकीचं बोलत बसलो. नावात एक अक्षर चुकवलं तरी अडलं.

नाराजी दोन गोष्टींवर. एक, एमसीपीत, म्हणजे एजंटाला टूल जोडायच्या ठरलेल्या पद्धतीत, टूलवर ‘हे नासधूस करू शकतं’ असा शिक्का मारायची सोय आहे. यांनी तो मारला आणि सुरक्षेचं पान तिथंच संपवलं. शिक्का ही नुसती सूचना. समोरचं ॲप ती मानेल याची खात्री नाही. खरा अडसर एपीआय कीवर, म्हणजे टूल ज्या किल्लीनं डॅशबोर्डात शिरतं तिच्यावर, लागतो: रोजच्या कामाला फक्त वाचायची परवानगी असलेली की, डिलीटसाठी वेगळी. ही गोष्ट त्यांच्या पानावर नाही. दोन, डिलीटच्या आधी सेटिंगची प्रत काढून ठेवा, असं एका वाक्यात सांगायला काय हरकत होती?

पाचात तीन. आधीच्या आवृत्तीला एक दिला असता, तोही इंस्टॉल पटकन होतं म्हणून.

शाळेची साईट परत उभी करायला दीड दिवस गेला. व्हीलॅनचे नंबर माझ्या डायरीत होते, ऑफिसातल्या प्रिंटरचा आयपी कुठंच नव्हता. तो शोधायला शेवटी जांबोटीच्या रस्त्यानं जावंच लागलं, भर पावसात. दुकानातल्या मॉनिटरवर आता पोरानंच चिठ्ठी चिकटवलीय: ‘काढ म्हणायचं नाही. दाखव म्हणायचं.’