ऊडनाडाटा ट्रॅकवर कॅराव्हॅन ओढली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला एक वापरलेली १७ फुटी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. विकणाऱ्याने 'ऑफ-रोड' म्हणून दिली होती. आतापर्यंत ११,००० किलोमीटर ओढून झाली, त्यातले अडीच हजार खडीचे. जुलैत मरी ते मार्ला या गावांमधला सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता, ऊडनाडाटा ट्रॅक, केला, आणि खरी परीक्षा तिथेच झाली.

'ऑफ-रोड' या पाटीवर जाऊ नका, सरळ खाली वाकून बघा. आमच्या कॅराव्हॅनला प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि हिच (गाडी आणि कॅराव्हॅन जोडणारी कडी) सगळ्या दिशांना फिरणारी आहे. साध्या ५० मिलिमीटरच्या गोळ्याची हिच कोरड्या नाल्यांच्या चढउतारावर लवकर अडते.

तिथला रस्ता खड्ड्यांपेक्षा पन्हळींनी जीव खातो. पन्हळी पत्र्याच्या छपरावरून तासन्‌तास गाडी चालवतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून टायरमध्ये डांबरी रस्त्याची ४० पीएसआय हवा तशीच ठेवली आणि ८०च्या वेगाने निघालो. दुपारी दार उघडलं तर आत हळदीकुंकवाचा समारंभ! हादऱ्यांनी हळदीच्या बरणीचं झाकण आपोआप उघडलं होतं आणि गादी, पडदे, शेगडी सगळं पिवळं. बिअरचे कॅन एकमेकांवर घासून दोनांना भोकं पडली होती. दुसऱ्या दिवसापासून हवा २८ आणि वेग ६०. हवा कमी केल्यावर वेगही कमीच हवा, नाहीतर टायर तापतो. कॅनच्या मधे आता जुने टॉवेल असतात आणि मसाल्याचा डबा बायकोच्या पायाशी.

धुळीचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. बुलडस्ट म्हणजे मैद्यासारखी माती, दिसेल त्या फटीतून शिरते. छतावरच्या फिल्टरच्या झरोक्याने हवा आत ओढली की आतला दाब वाढतो आणि धूळ बरीचशी बाहेर राहते. फ्रीजच्या बाहेरच्या हवेच्या जाळ्यांना गाडी चालताना टेप लावतो आणि मुक्कामाला पोचलो की आठवणीने काढतो.

वाटेतल्या विल्यम क्रीक या वस्तीच्या अलीकडे थांबलो तेव्हा डाव्या शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट गायब! निघण्याआधी ज्या वर्कशॉपने सर्व्हिसिंग केलं, त्यांच्या बिलावर 'सगळे बोल्ट तपासले' असं छापलेलं होतं. सुट्या बोल्टच्या डब्यातून एक लावला आणि तो टिकला. तेव्हापासून दर शंभर किलोमीटरला उतरून स्पॅनर फिरवतो आणि चारही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) हात लावून बघतो. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंगकडे लक्ष द्यायचं.

गाड्यांमधे आपसांत बोलायचा रेडिओ हवाच. चॅनेल ४० वर रोडट्रेनवाल्यांचं, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकवाल्यांचं, बोलणं ऐकू येतं. ५० मीटरहून लांब ते धूड समोरून आलं की बाजूला घेऊन थांबायचं, धूळ बसू द्यायची आणि काचेची काळजी करायची.

बाकी रस्ता एकटा नाही. शेजारून जुन्या घॅन रेल्वेची वाट जाते, १९८० मध्ये ती बंद करून पश्चिमेकडून नवी लाइन टाकली. रेल्वे येण्याआधी माल नेणारे उंटवाले 'अफगाण' म्हणवले जात, पण त्यांतले बरेच तेव्हाच्या हिंदुस्थानातले, बलुचिस्तान-पंजाबकडचे. मरीला त्यांची खजुराची झाडं अजून उभी आहेत. आपण तिथे पहिलेच देशी, हा माझा गैरसमज तिथेच गेला.

डिझेलचा खर्च डोळे पांढरे करतो. एरवी शंभर किलोमीटरला ११ लिटर लागतं, कॅराव्हॅन मागे असली की १८. पाऊस पडला की रस्ता बंद होतो, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच निघा.

पुन्हा घ्यायची झाली तर मायक्रोवेव्ह आणि ती रंगीत दिव्यांची पट्टी नको. त्या पैशांत दुसरा स्पेअर टायर आणि चांगला कॉम्प्रेसर येतो.