रिग-आय की एमडीए-५: विषाणूचा कोणता आरएनए कोण ओळखतं?

दोन्ही आपल्या पेशींतली विषाणू ओळखणारी प्रथिनं. दोन्ही पेशीद्रवात पहारा देतात, दोन्ही दुपदरी (दोन धाग्यांच्या) आरएनएला चिकटतात. पण कशावर बोट ठेवायचं, हे दोघांचं वेगळं.

रिग-आय टोक तपासतं. आरएनएच्या ५' टोकाला तीन फॉस्फेट आणि लगेच दुपदरी भाग दिसला की ते जागं होतं; त्यासाठी वीसेक बेस-जोड्यांचा तुकडाही पुरतो. आपल्या एमआरएनएच्या टोकावर मिथाइल लागलेली टोपी असते, म्हणून तो सुटतो. इन्फ्लुएन्झा इथेच सापडतो.

एमडीए-५ला टोकाशी देणंघेणं नाही, त्याला लांबी हवी. हजारभर जोड्यांच्या आरएनएवर त्याचे रेणू एकापुढे एक रचले जाऊन तंतू बनतो. पोलिओच्या कुळातले विषाणू ५' टोकावर प्रथिन चिकटवून रिग-आयला चकवतात; तिथे एमडीए-५च कामी येतं.

पुढची वाट एकच, निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो: मायटोकॉन्ड्रियावरचं मॅव्हस, मग टीबीके-१, आयआरएफ-३ आणि शेवटी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणारं प्रथिन.

चूक मात्र एमडीए-५ची जास्त महागात पडते, असं माझं मत. आपल्याच आरएनएतल्या दुपदरी भागांत एडार-१ हे एन्झाइम बदल करून ते सैल करतं, म्हणून एमडीए-५ त्यांना विषाणूचे समजत नाही. एडार-१ बिघडलं, की विषाणू नसतानाही इंटरफेरॉन सुरू होतं. एकार्डी-गुतिएर हा बालकांचा गंभीर आजार असाही होतो.

प्रतिसाद दोघांपैकी कोणाचा, हे तपासताना लक्षात ठेवा: प्रयोगशाळेत टी-७ एन्झाइमने बनवलेल्या आरएनएवर तीन फॉस्फेट राहतातच. फॉस्फेटेज एन्झाइमने ते काढलेला नमुना सोबत ठेवा. त्यात प्रतिसाद कोसळला तर तो रिग-आयचा. तरीही टिकला, तर लांब दुपदरी भेसळ शोधा.