दारातले बेसिन आणि आतला रस्सा : मंगळवार पेठेतील एका खानावळीविषयी

कोल्हापुरात खासबाग मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर, मंगळवार पेठेतील एका बोळात, सहा टेबलांची एक मांसाहारी खानावळ आहे. रविवारी दुपारी त्या बोळात दुचाकी लावायलाही जागा उरत नाही, म्हणून नाव छापू नका, अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळतो आहे. गेली बारा-तेरा वर्षे मी तेथे जेवतो. रश्श्याबद्दल लिहिणारच आहे, पण सुरुवात दारातल्या बेसिनपासून करतो. इतक्या वर्षांत या खानावळीत झालेला सर्वांत मोठा बदल तोच आहे.

2020 पूर्वी हात धुण्याची जागा मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती आणि तिचा उपयोग जेवण झाल्यावरच होई. जेवणानंतर हात धुवा, असे आपल्याकडे कोणालाही शिकवावे लागत नाही, कारण तांबड्या रश्श्याची तर्री बोटांवरून मनगटापर्यंत आलेली असते. जेवणाआधीचा हात मात्र दिसायला स्वच्छ असतो. गाडीची मूठ, नोटा, मोबाईल आणि के.एम.टी.च्या (शहर बसच्या) आतली दांडी या सर्वांवरून तो फिरून आलेला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे भाकरी मोडायला बसताना मागच्या बेसिनपर्यंत जाऊन येणारा माणूस विरळाच असे, आणि मीही त्या विरळांपैकी नव्हतो, हे येथेच कबूल करतो.

राज्यातील उपाहारगृहे 5 ऑक्टोबर 2020 पासून निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा मालकांनी बेसिन दारात आणले होते. उद्यमनगरातील एका ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी लोखंडी चौकट आणि पायाने दाबायची कळ बनवून घेतली. एक कळ पाण्याची, दुसरी साबणाची. वर पाटी आहे : ‘आधी हात, मग ताट’. बेसिनच्या शेजारीच गल्ला असून तेथे बसणाऱ्या वहिनी आजही हिशेबातून मान वर न करता “हात धुऊन बसा, दादा” एवढेच म्हणतात. बेसिन ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही आणि वहिनींचे म्हणणे टाळून पुढे जाणे कोल्हापुरी माणसाला जड जाते, अशा दुहेरी बंदोबस्तात ही सवय टिकली आहे.

याच्या तुलनेसाठी सॅनिटायझर आठवून पाहावे. 13 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांचा अत्यावश्यक वस्तूंमध्ये समावेश केला आणि त्यानंतर आठवडाभरातच 200 मिलिलिटरच्या बाटलीची किंमत 100 रुपयांपुरती बांधून द्यावी लागली, इतकी त्याची टंचाई होती. पुढे प्रत्येक दुकानाच्या दारात त्याचा स्टँड उभा राहिला. राज्यातील निर्बंध 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला, उठले. मास्क ऐच्छिक झाला आणि ते स्टँड हळूहळू कोपऱ्यात गेले. आमच्या गल्लीतील एका स्टँडवर आता चपलांच्या दुकानदाराच्या पिशव्या लटकलेल्या असतात. खानावळीत सॅनिटायझर का ठेवत नाही, असे मी एकदा विचारले, तेव्हा मालक म्हणाले, “त्यानं तेलकटपणा जातोय व्हय?” उत्तर गावठी वाटले तरी शास्त्राला धरून आहे. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो. साबण कोरोनाच्या विषाणूचे स्निग्ध आवरण तर फोडतोच, पण जुलाब-उलट्यांच्या ज्या विषाणूंना असे आवरणच नसते आणि ज्यांच्यावर अल्कोहोल फारसे चालत नाही, तेही चोळून घेतलेल्या पाण्याबरोबर वाहून जातात. कोरोनासाठी आणलेले बेसिन पोटाच्या आजारांपासूनही राखण करते, ते यामुळे.

अशी राखण दुसरीकडे मोजली गेलेली आहे. मेक्सिकोमध्ये 2009 साली स्वाइन फ्लूची साथ आली. ज्या भागांत तिचे रुग्ण अधिक होते, त्या भागांत पुढे लहान मुलांमधील अतिसाराचे प्रमाण अधिक घटले आणि हा परिणाम तीन वर्षांनंतरही दिसत राहिला, असे अभ्यासकांना आढळले. साथीच्या काळात पडलेली हात धुण्याची सवय हेच त्याचे कारण असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली होती आणि रस्त्यावर जो तो तोंडाला मास्क नाहीतर रुमाल बांधून फिरत होता. तो रुमाल मात्र साथीबरोबरच सुटला. आमच्या पणजीच्या पिढीत तर घरात उंदीर मरून पडला की भांडीकुंडी उचलून माळावर झोपडी बांधायची, ही प्लेगची रीत होती. प्लेग गेला आणि ती रीतही गेली, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उलट 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली, तेव्हा तेथे राहणाऱ्या माझ्या मावशीने पाणी उकळायला सुरुवात केली आणि अजूनही तिच्या ओट्यावर त्यासाठीचे पातेले वेगळेच आहे. पातेल्याला जागा ठरलेली आहे. रुमालाला तशी जागा कधीच नव्हती.

आता ताटाकडे वळतो. मटणाच्या ताटात सुके, तांबडा, पांढरा, दोन भाकऱ्या किंवा तीन चपात्या, भात, कांदा आणि लिंबू येते. रस्सा हवा तितका वाढतात. पांढरा येथे पाहण्यासारखा आहे : अळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनतिखटाचे पाणी, आधी नीट मुरू देतात, नारळाचे दूध अगदी शेवटी घालतात आणि त्यानंतर उकळी येऊ देत नाहीत, त्यामुळे तो फाटत नाही आणि काजूच्या पेस्टने उगाच घट्टही केलेला नसतो. तांबड्यात कांदा-लसूण चटणीचा झणका आहे, पण घशाला ओरखडा नाही. सुके मटण एखाद्या दिवशी जरा चिवट निघते, विशेषतः अडीचनंतर गेल्यास. 2021 च्या उन्हाळ्यात जेवणघर पुन्हा बंद असताना याच स्वयंपाकघरातून आजारी माणसांसाठी अळणीचे डबे जात असत. आजारातून उठलेल्याला अळणी द्यायची आपली पद्धत जुनीच आहे, पण तोपर्यंत ती घरापुरती होती. आता अळणीची वाटी या खानावळीच्या पाटीवर स्वतंत्र पदार्थ म्हणून लिहिलेली आहे आणि सर्दी-पडसे झालेली मंडळी ती मागवतात.

तक्रारी तीन आहेत. बेसिनशेजारी हात पुसायला एकच टॉवेल टांगलेला असतो आणि दुपारी दोनपर्यंत तो ओलाचिंब होतो, म्हणजे दारात धुतलेला हात दारातच शंभर हातांना लावल्यासारखे होते. दुसरी गोष्ट साबणाची. गर्दीच्या दिवशी त्यात इतके पाणी मिसळलेले असते की फेसच येत नाही. तिसरी सर्वांत जुनी आहे : वाढपी चार पेल्यांत चार बोटे बुडवून पाणी आणतो. 2020-21 मध्ये ही पद्धत बंद झाली होती, पेले ट्रेमधून येत होते. तो ट्रे नंतर भाकऱ्यांसाठी स्वयंपाकघरात गेला आणि बोटे पुन्हा पेल्यांत आली. मी वहिनींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी वाढप्याला हाक मारून ट्रे आणायला लावला. पुढच्या खेपेस मात्र पुन्हा बोटेच होती.

बुधवारी किंवा शुक्रवारी एकच्या आत गेल्यास जागा मिळते. सोमवारी खानावळ बंद असते. स्वतःचा रुमाल बरोबर न्यावा, आणि पाण्याचा पेला मागताना ट्रेची आठवण करून द्यावी. वाढपी मुलगा चांगला आहे, हसतो आणि घेऊन येतो.