लहान मुलाला भूल देताना आधी मास्क की आधी सुई?

गुटगुटीत बाळ सगळ्यांना आवडतं, फक्त शीर शोधणाऱ्याला सोडून. दीड-दोन वर्षांच्या पोराच्या हाताला वळ्या, आत शीर दोऱ्याएवढी, त्यात ते हात झाडतंय, मग चार जणांनी धरून तीनदा टोचलं तरी २४ नंबरची पिवळी सुई बसत नाही असं होतं. मी भूल देते, ओळखीतले सगळे हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मास्क म्हणजे सेवोफ्लुरेन, श्वासातून द्यायचं भुलीचं औषध; आधी त्याने झोपवायचं, मग सुई लावायची. वास उग्र नाही, मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध जाते आणि शिरा पण जरा फुगतात. आईबाबा आत असतील तर मी आधीच सांगते की झोपताना मधेच पोर हातपाय झाडेल, डोळे फिरतील, घोरल्यासारखा आवाज येईल, घाबरू नका, तो टप्पा असतो आणि सहसा मुलाला काही आठवत नाही. झोप लागली म्हणून लगेच टोचायचं नाही हं, भूल खोल जायला हवी, घाई केली तर स्वरयंत्र आवळून श्वास अडकू शकतो, आणि तेव्हा औषध द्यायला शीर हातात नसते. मास्कची खरी गोची हीच. शिवाय जाग येताना मुलं जरा जास्त रडारड करतात.

सुई आधी लावायची तर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधीर करायचं क्रीम मिळतं. ते वर पट्टी लावून तासभर ठेवायला लागतं, आणि आपल्याकडे दहा मिनिटं आधी लावून मग म्हणतात क्रीमचा काही उपयोग नाही! दोन्ही हातांना लावून घ्या. कातडी पांढरी पडून शीर कधीकधी लपते, तेवढं आहे.

तब्येत ठीक, पोट रिकामं, ऑपरेशन ठरवून केलेलं आणि पोर गुटगुटीत असेल तर मी मास्क घेईन. इमर्जन्सी असेल किंवा पोट भरलेलं असेल तर सुईच. घरात कुणाला भुलीमुळे एकदम ताप भडकलेला असेल, मुलाला स्नायूंचा आजार असेल तर मास्कचं नावच नको, हे न विचारता सांगा. सर्दी, दमा असेल तरी मला सुई बरी वाटते. तारीख पुढे जाईल म्हणून सर्दी लपवतात, प्लीज नका.

चार-पाच वर्षांचं पोर असेल तर त्यालाच विचारा. एकाने मास्क हुंगला, नाक मुरडलं आणि सरळ हात पुढे केला.